अल्लीपुरात साधारण माणूस शोधताना

वर्ध्याला जाऊन आलो असं सांगितलं की पुण्यात लोक आदराने पाहतात. कोणाला वाटतं मी सूत कातायला गेलो होतो, कोणाला वाटतं प्रकृती सुधारायला. मी गेलो होतो टेलिव्हिजनसाठी. हे कळलं की आदर लगेच ओसरतो आणि प्रश्न सुरू होतात. तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून सगळी हकिकत एकदाची लिहून टाकतो.

टेलिव्हिजन मी अजून पाहिलेला नाही. हॅरिससाहेबांनी जे समजावलं त्यावरून माझी समजूत अशी, की रेडिओच्या खोक्याला काच बसवलेली असते आणि त्या काचेत माणसं हलताना, बोलताना दिसतात. विलायतेत म्हणे लोक संध्याकाळी जेवून त्या खोक्यासमोर बसतात आणि दुसऱ्यांची आयुष्यं पाहतात. आपल्याकडे त्या कामासाठी ओटा असतो.

तर विलायतेतल्या एका टेलिव्हिजन कंपनीने जगभरच्या साधारण आणि असाधारण माणसांच्या आयुष्यांवर चित्रपट काढायचं ठरवलं होतं. प्रत्येक देशातून एक असाधारण माणूस आणि एक साधारण. हिंदुस्थानसाठी हॅरिससाहेबांनी नकाशाच्या मधोमध बोट ठेवलं, ते वर्ध्यावर पडलं. एवढ्या मोठ्या देशातून माणसं निवडण्याची याहून निःपक्षपाती पद्धत मला तरी सुचत नाही. मुंबईच्या एका ओळखीच्या गृहस्थांनी दुभाषी म्हणून माझं नाव सुचवलं. मी शाळेत इंग्रजी शिकवतो आणि मराठी ही माझी मातृभाषा आहे, एवढ्यावर काम झालं. वर्ध्याकडची मराठी मला समजते का, हे कोणी विचारलं नाही. मीही आपण होऊन सांगितलं नाही.

मंडळी दोनच. हॅरिससाहेब हे दिग्दर्शक: उंच, उत्साही, प्रत्येक गोष्टीला 'अद्भुत' म्हणणारे. दुसरा टॉम. हा कॅमेराही चालवायचा आणि आवाज टिपण्याचं यंत्रही. बोलायचा मात्र जवळपास नाहीच.

बोरगाव मेघे

वर्धा शहराच्या कडेला बोरगाव मेघे आहे. आमचे असाधारण गृहस्थ तिथे राहत. निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना आप्पाजी म्हणत. चौदा वर्षं त्यांनी शिजवलेल्या अन्नाला स्पर्श केला नव्हता. पत्रव्यवहार करून दिवस आणि वेळ ठरवली होती. आम्ही यंत्रं मांडली, टॉमने आवाजाची चकती फिरवली, हॅरिससाहेबांनी पहिला प्रश्न विचारला, मी त्याचं मराठी केलं आणि आप्पाजींनी शांतपणे एक पाटी पुढे केली. तिच्यावर लिहिलं होतं : 'आज मौन.'

विलायतेहून समुद्र ओलांडून लोक बोलायला आले, त्याच दिवशी मौन कसं आलं, असं मी विचारलं. उत्तर पाटीवर आलं : 'दर गुरुवारी असतं.' दिवस त्यांनीच कळवला होता.

हॅरिससाहेब डगमगले नाहीत. त्यांनी अकरा प्रश्न विचारले. पाटीवर उत्तरं आली : 'हो', 'नाही', 'निसर्ग', पुन्हा 'निसर्ग'. टॉमच्या यंत्राने पेन्सिलीची करकर आणि एका कावळ्याचा आवाज फार स्वच्छ टिपला.

मी पाणी प्यायला आत गेलो, तर आप्पाजींच्या पत्नी खाली बसून गाजरं किसत होत्या. बाजूला भिजवलेली मोड आलेली धान्यं, नारळ, काकड्या. यजमानांच्या जेवणाची ही तयारी रोज दोन तास चालते, असं त्या म्हणाल्या. स्वयंपाक याच्या निम्म्या वेळात होतो, तोही त्या उरलेल्या घरासाठी वेगळा करतात. चौदा वर्षं. मी बाहेर येऊन हॅरिससाहेबांना हे सांगितलं. ते म्हणाले, फारच रंजक, पण असाधारण व्यक्ती एकच घ्यायची असं कंपनीशी ठरलं आहे.

अल्लीपूर, पहिला दिवस

साधारण माणसासाठी खेड्यात जायला हवं होतं. वर्ध्याच्या कचेरीतून एक जीप आणि एक चिठ्ठी मिळाली. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा मुलूख मध्य प्रदेशात होता, आता मुंबई राज्यात आला आहे. त्यामुळे चिठ्ठी मराठीत होती आणि तिच्यावरचा शिक्का हिंदीत.

अल्लीपूर हे हिंगणघाट तालुक्यातलं मोठं गाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मध्ये तुरीच्या पिवळसर ओळी, जमीन शाईसारखी काळी. पाटलांनी ओसरीवर सतरंजी घातली, चहा आला, चिठ्ठी वाचून झाली. मग मी कामाचं बोललो : साहेबांना एक साधारण माणूस पाहिजे.

पाटलांनी बराच विचार केला.

"साधारण माणूस? तसा आमच्या गावात कोनी नाई," ते म्हणाले. "तुमी हिंगणघाटले पाहा."

मी समजावून सांगितलं : साधा माणूस, कष्ट करणारा, ज्याच्यात विशेष काही नाही असा. त्यासरशी ओसरीवरची सगळी मंडळी जरा मागे सरकून बसली. एकाने पुढच्या गल्लीतल्या आपल्या चुलतभावाचं नाव सुचवलं. त्या दोघांचं बांधावरून भांडण आहे हे मला नंतर कळलं.

शेवटी साहेबांनीच माणूस शोधला. गावाबाहेर एक शेतकरी मोट हाकत होता. त्याच्या चेहऱ्यावर हॅरिससाहेबांना हिंदुस्थानचा पाच हजार वर्षांचा इतिहास दिसला. त्याच्या डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून त्याने कपाळाला आठ्या घातल्या होत्या, एवढंच मला दिसलं.

त्याचं नाव तुळशीराम. वांगी, मेथी आणि सांबार लावतो आणि हिंगणघाटच्या बाजारात नेतो. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. हे मला कळायला अर्धा तास लागला. तोवर मी हॅरिससाहेबांना, हा माणूस शेतात मद्रासी आमटी पिकवतो, अशा अर्थाचं काहीतरी सांगून बसलो होतो. त्यांनी ते वहीत टिपूनही घेतलं.

साहेबांना साधारण माणूस हवा आहे हे काही मी तुळशीरामला सांगितलं नाही. ओसरीवरचा अनुभव ताजा होता. शेतकरी कसा राहतो ते तिकडच्या लोकांना दाखवायचं आहे, असं म्हणालो. त्याने विचारलं, आपल्याला ते लोक दिसतील का? नाही म्हणालो. हा व्यवहार त्याला थोडा एकतर्फी वाटला, पण तो तयार झाला. अट एकच : वाफे कोरडे आहेत, मोट थांबायची नाही. ती थांबली नाहीच. साहेबांनी तीच मोट तशीच नऊ वेळा वर आणवली. सहाव्या वेळेपासून वांग्यांत तळं साचलं. बैलांनी मात्र नऊही वेळा सारखंच काम केलं. तुळशीराम दर खेपेला कॅमेऱ्याकडे बघून विचारायचा, आता बरोबर आलं का.

दुपारी त्याने घरी नेलं. आमच्याकडे पाहुण्याला 'जेवणार का?' असं विचारतात, तिथे 'हात धुवा' म्हणतात. फरक ऐकायला लहान आहे. ज्वारीची भाकर, तेलाचा तवंग आलेली वांग्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा. ठेचा खाल्ल्यावर हॅरिससाहेब पहिल्यांदाच अर्धा तास काही बोलले नाहीत. आप्पाजींचं मौन त्यापुढे फिकं होतं.

वाढायला तुळशीरामची बायको गिरजाबाई आणि मुलगी शांता होती. शांता सतरा-अठरा वर्षांची. तिचं लग्न गिरडच्या एका घरी ठरत आलं होतं. मुलाकडची माणसं चार दिवसांनी घर बघायला यायची होती, आणि त्यासाठी गिरजाबाईंनी घर झाडून, सारवून, भांडी चिंचेने घासून लखलखीत करून ठेवली होती.

हीच अडचण झाली.

दुसरा दिवस

सकाळी हॅरिससाहेबांनी घर नीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. भिंतीवर घड्याळ होतं. दाराशी सायकल होती. दोन लोखंडी खुर्च्या होत्या. आणि फळीवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पितळ : पाण्याचे मोठे गुंड, गडवे, पराती, डबे. साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, प्रेक्षकांचा गोंधळ होईल. साधारण हिंदुस्थानी शेतकऱ्याच्या घरात काय असतं याची त्यांना कल्पना आहे आणि हे त्यात बसत नाही. हे सगळं एका दिवसापुरतं कुठे ठेवता येईल का, असं मी विचारावं.

म्हणजे तुळशीराम साधारण होता, पण पुरेसा साधारण नव्हता.

आता हे त्या बाईंना कसं सांगायचं? खरं सांगितलं असतं, तर त्यांनी आम्हाला हाकललं असतं आणि ते योग्य झालं असतं. मला तसं होऊ द्यायचं नव्हतं. मी शाळामास्तर, विलायती कंपनीने माझं काम बरं म्हणावं असं मला फार वाटत होतं. म्हणून मी म्हणालो, "बाई, तुमची भांडी इतकी चमकतात की कॅमेऱ्याला ती सोसत नाहीत. यंत्राचे डोळे दिपतात."

गिरजाबाई फळीकडे पाहतच राहिल्या.

"इतकी चमकतात?" त्यांनी विचारलं.

इतकी, मी म्हणालो.

त्यांनी मग एका शब्दानेही हरकत घेतली नाही. उलट शेजारच्या किसनच्या घरी भांडी नेताना ज्या बायका भेटल्या, त्या प्रत्येकीला त्यांनी कारण सांगितलं. विलायतेच्या यंत्राला जी भांडी सोसत नाहीत, ती घासणारी गावात एकटीच होती. घड्याळाची काच चमकते, सायकलचं चाक चमकतं, हिरव्या लुगड्याचा रंग डोळ्यांत जातो : माझ्या तोंडून कारणं भराभर येत गेली. तासाभरात घर उघडंबोडकं झालं. चुलीपाशी मातीची दोन मडकी, अॅल्युमिनियमचा एक पेला आणि जुनेरातल्या गिरजाबाई उरल्या. हॅरिससाहेब म्हणाले, अद्भुत.

दुपारपर्यंत काम छान चाललं. आणि मग दाराशी एक बैलगाडी थांबली.

गिरडहून मुलाचे मामा आणि आत्या आले होते. मामांचं हिंगणघाटला काहीतरी काम निघालं, तेव्हा तसंच पुढे येऊन घर बघून घ्यावं, असं त्यांच्या मनात आलं. मामा पटकेवाले, घरात पाऊल टाकायच्या आधी छपराचे वासे मोजणारे. आत्या थोराड बांध्याच्या. तोंडात सुपारी धरून गप्प बसलेल्या.

दोघे आत आले. भिंतीवर काही नाही, फळीवर काही नाही. गिरजाबाईंनी लाजत त्या अॅल्युमिनियमच्या पेल्यातून पाणी पुढे केलं. मामांनी पेल्याकडे पाहिलं आणि, आत्ताच प्यायलो, असं म्हणून तो खाली ठेवला. सोयरीक जुळायची असली की त्या घरचं पाणी घ्यायचं, हे आमच्याकडेही आहे आणि तिकडेही. तो पेला जमिनीवर तसाच राहिला आणि सगळे त्याच्याकडे पाहायचं टाळू लागले.

मामा वाईट माणूस नव्हते. त्यांनी तुळशीरामला हळू आवाजात विचारलं, चोरीबिरी झाली का? तुळशीराम म्हणाला, नाही, फोटोवाल्यांच्या यंत्राला भांड्यांची चमक सोसत नाही, म्हणून शेजारी ठेवली आहेत.

मामांनी एकदा टॉमकडे पाहिलं. टॉम त्या वेळी, फिल्मला उजेड लागू नये म्हणून, एका काळ्या पिशवीत दोन्ही हात कोपरापर्यंत घालून, आंधळ्यासारखा आढ्याकडे बघत कॅमेऱ्याची रीळ बदलत होता. आमच्याविषयी विश्वास वाटावा असं ते दृश्य नव्हतं.

"हिंगणघाटले फोटो काढाले गेलं, तं फोटोवाला आपल्या जवळची घडी मनगटावर बांधाले देते," मामा म्हणाले. "अन् तुमचा फोटोवाला घरातली घडी काढाले लावते?"

तुळशीराम माझ्याकडे पाहू लागला. गिरजाबाईही पाहू लागल्या. दाराआड शांता उभी होती, तिचा फक्त पदर दिसत होता.

आणखी एक थाप मला सुचली होती, हे कबूल करतो. पण त्या पेल्याकडे माझं लक्ष गेलं. मी म्हणालो, "यांचं काही चुकलेलं नाही. भांडी चमकतात म्हणून काढायला लावली, हे मी खोटं सांगितलं. साहेबांना गरिबाचं घर दाखवायचं होतं. घर गरिबाचं नव्हतं, म्हणून रिकामं करवलं."

आयुष्यात इतकं स्वच्छ खरं मी क्वचितच बोललो असेन, आणि त्याने सगळं आणखी बिघडलं. मामा म्हणाले, एवढ्या मोठ्या गावात गरीब म्हणून साहेबांना हेच घर दिसलं का? तुळशीराम उठला आणि बाहेर बैलांपाशी जाऊन उभा राहिला. काल आपल्याला कशासाठी निवडलं, ते त्याला आत्ता कळलं होतं. त्याची पाठ मला दारातून दिसत होती.

गिरजाबाईंनी किसनच्या घरून भांडी परत मागवली. बायका दोन्ही हातांत घेऊन आल्या आणि ओसरीवर पितळेचा ढीग झाला. मामांनी चष्मा लावून एकेक भांडं फिरवून पाहिलं. भांड्यांवर आहेर देणाऱ्यांची नावं घातलेली होती : कुठे गोविंदा, कुठे सखाराम, कुठे कोण्या भागाबाई. एकावरही तुळशीरामचं नाव नव्हतं. कसं असणार? आपल्या लग्नात आपणच आपल्याला आहेर करत नाही. पण मामांचं म्हणणं असं की, आहेराची भांडी घरोघर असतात. ही या घरची की गावातून गोळा केलेली, हे त्यांनी कशावरून ओळखायचं? खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असतो, तर मीही उठलो असतो.

ते उठलेच होते. तेवढ्यात शांता बाहेर आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. तिने ढिगातला एक गडवा उचलला, आत नेऊन फळीवर ठेवला, परत आली, दुसरा गडवा उचलला. कोणाकडे बघत नव्हती. आत्या इतका वेळ सुपारी चघळत बसल्या होत्या. त्यांनी हात पुढे करून तिच्या हातातलं भांडं थांबवलं.

"याले हा पोचा कशानं आला?" त्यांनी विचारलं.

शांता थोडी घाबरली. मग म्हणाली, "मी लहान होती तवा विहिरीत पडलता. बाबा उतरले होते काढाले. त्याईचा पाय मुरगळला."

आत्यांनी दुसरं भांडं पुढे केलं. तो एक मोठा गुंड होता, बुडाला डाग दिलेला. शांताने सांगितलं की तो आजीच्या माहेरचा. एका पावसाळ्यात नाल्याचं पाणी घरात शिरलं, तेव्हा तो तरंगत पार पाटलाच्या गोठ्यापर्यंत गेला होता. परातीची कड वाकली होती, ती आईने माकडाला फेकून मारली तेव्हा. माकड वाचलं, परात नाही. एका डब्याच्या झाकणावर लहान दातांचे ओरखडे होते. ते तिच्या भावाचे, जो पुढे राहिला नाही. ती हे सांगत असताना गिरजाबाईंनी तोंड फिरवलं. आत्या भांडी देत गेल्या आणि शांता सांगत गेली. मामा केव्हा परत खाली बसले ते माझ्या लक्षात आलं नाही.

हॅरिससाहेब माझी बाही ओढून विचारत होते, ती काय बोलते आहे? आणि मी, ज्याला त्याच कामासाठी आणलं होतं, ऐकण्याच्या नादात भाषांतर करायचं विसरलो होतो. टॉमचे हात अजून पिशवीतच होते.

मग आत्यांनी एक छोटा डबा उचलला, चांगला जाड, सगळ्यांत भारी दिसणारा. शांताने तो हातात घेऊन पाहिला आणि परत ढिगाबाहेर, वेगळा ठेवला.

"हा आमचा नाई," ती म्हणाली. "किसनकाकाचा हाय. चुकून आला."

आत्यांनी बाहेर जाऊन सुपारी थुंकली. परत येऊन त्या आपल्या जागी नीट मांडी घालून बसल्या. "चहा ठेव पोरी," त्या म्हणाल्या. "अन् ह्याईले पानी दे. सकाळपासून पेले नाई ते."

मामांनी यावेळी गडव्यातून पाणी घेतलं आणि एका दमात संपवलं.

आता मी सगळं भाषांतर करून सांगितलं. हॅरिससाहेब खुलून गेले. म्हणाले, हेच तर आपल्याला हवं होतं. रीळ आता बसली आहे, तिला म्हणा, पहिल्या पोच्यापासून पुन्हा सांग. मी मान खाली घालून शांताला विचारलं. ती म्हणाली, सांगून झालं ना. आणि चहा ठेवायला आत गेली.

संध्याकाळी गाडी गिरडकडे वळल्यावर गिरजाबाई माझ्यापाशी आल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"मंग माही भांडी चमकत नाई का?" त्यांनी विचारलं.

"चमकतात," मी म्हणालो. "ते खरं होतं."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. एकदा खोटं बोललेल्या माणसाचं खरं कितपत धरायचं, याचा हिशेब त्या करत असाव्यात. मग त्या आत गेल्या.

तिसरा दिवस

निघायच्या दिवशी मी आधी तुळशीरामच्या शेतावर गेलो. तो मोट हाकत होता. मी चुकलो, असं सांगितलं. तो बैलांशी बोलत राहिला. मग वांग्यांची एक टोपली माझ्या हातात देऊन म्हणाला, हे पुण्याला न्या, परवाच्या पाण्याने फार फुगली आहेत, बाजारात कोणी घेणार नाही. ही क्षमा होती की टोमणा, ते मला अजून नक्की कळलेलं नाही. वांगी चांगली होती.

शेवटचं चित्रण गिरजाबाईंचं होतं. त्यांनी हिरवं लुगडं नेसलं होतं आणि त्यांच्यामागे सगळी भांडी फळीवर होती. हॅरिससाहेब काही बोलणार होते. मी त्यांना इंग्रजीत सांगितलं की यापुढे घरातलं काही काढायला लावायचं असेल तर त्यांनी स्वतः मराठी शिकून सांगावं. टॉम पहिल्यांदाच हसला.

साहेबांनी विचारलं, आमच्या देशातल्या लोकांना तुम्हाला काय सांगायचं आहे?

गिरजाबाईंनी पदर सावरला आणि थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं. "पोरीचं लग्न वैशाखात हाय," त्या म्हणाल्या. "साऱ्याईनं येजो. पन आदी चिठ्ठी टाकजो, म्हंजे घर तयार राहीन."

मी शब्दाला शब्द भाषांतर केलं. साहेब म्हणाले, फार गोड, पण त्यांच्या आयुष्यातल्या कष्टांबद्दल त्या काही सांगतील का? मी तेही विचारलं.

"कष्ट? तीन दिवस तुमीच तं होते घरात," गिरजाबाई म्हणाल्या.

वैशाखात पुन्हा

चैत्रात हॅरिससाहेबांचं पत्र आलं. चित्रपट दाखवला गेला होता आणि लोकांना फार आवडला होता. आप्पाजींची पाटी तर विशेष गाजली. तुळशीरामच्या घराचा भाग दुसऱ्या दिवशी सकाळचा घेतला होता, रिकाम्या फळीचा. त्यावर एका प्रसिद्ध आवाजाच्या गृहस्थांनी सांगितलं होतं की, या कुटुंबाजवळ काहीही नाही आणि तरीही ते समाधानी आहे. गिरजाबाईंचं बोलणं काढावं लागलं. आमंत्रणाचं काय करायचं हे प्रेक्षकांना समजलं नसतं. त्या जागी बासरी घातली होती. अल्लीपुरात बासरी वाजवणारा मला तरी कोणी भेटला नाही.

त्याच आठवड्यात अल्लीपूरहून लग्नाची पत्रिका आली. मी चिठ्ठी टाकली आणि गेलो.

मांडव घराच्या दारापासून पार रस्त्यापर्यंत होता. गिरडकडची शंभरेक माणसं, गावची त्याहून जास्त. मामा लगबगीने सगळ्यांना पाणी विचारत फिरत होते. तुळशीरामने मला पाहून पागोट्याला हात लावला आणि परत कामाला लागला. शांता मुंडावळ्यांमुळे ओळखू येत नव्हती. अक्षता पडल्या, पहिली पंगत बसली, आणि गिरजाबाई घाम पुसत माझ्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"दाखवलं का तिकडं आमाले?" त्यांनी विचारलं.

आजूबाजूच्या चार बायकांनी कान इकडे केले. मांडवात, लग्नाच्या दिवशी, काहीतरी बरं सांगावं असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं.

"दाखवलं," मी म्हणालो. "तुम्ही बोललात ते काढून टाकलं. आणि सांगितलं की या लोकांजवळ काही नाही."

गिरजाबाईंनी पंगतीकडे पाहिलं. निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे रोडगे फोडून त्यांवर तूप सोडणं चाललं होतं. लोक हाताने थांबवत होते आणि वाढणारे ऐकत नव्हते.

"मंग आले नाई तेच बरं," त्या म्हणाल्या. "शिदोरी बांधून आनली असती त्याईनं."

त्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. गिरजाबाईंनी वांग्याच्या भाजीची बादली आणि ओगराळं माझ्या हातात दिलं आणि टोकाकडची ओळ दाखवली. तिथे अजून भाजी पोचली नव्हती. मी धोतर खोचलं आणि वाढायला लागलो.